अक्काचं पानं उलटणारं यंत्र

फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसला निघायच्या घाईत होते. पलीकडे मंजुळा होती, बंगळूरला अक्काच्या घरी तिच्या भावाचं, दादांचं, सगळं बघणारी. तिला मराठी येत नाही, माझं कन्नड बेताचं, एरवी आम्ही दोघी मोडक्यातोडक्या हिंदीत निभावून नेतो. त्या दिवशी तिला हिंदी सुचलंच नाही. "अक्का होगबिट्रू," एवढंच म्हणाली. अक्का गेली... सकाळची कॉफी घेता घेता, खुर्चीतल्या खुर्चीत. मी पायात चप्पल तशीच ठेवून खाली बसले, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता दादांचं यंत्र कोण बघणार? माणूस गेल्याचं कळल्यावर असलं काही सुचावं याची मला लाज वाटली. मग वाटलं, अक्काला विचारलं असतं तर तिनंही आधी हेच विचारलं असतं.

ती माझी कोण, असं या महिन्याभरात मला बऱ्याच जणांनी विचारलं. खरं उत्तर फार छोटं आहे. ती माझी घरमालकीण. पंच्याण्णव साली मी मेकॅनिकलची पदवी घेऊन बंगळूरला गेले आणि त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे सॉफ्टवेअरमध्ये शिरले. इलेक्ट्रॉनिक सिटीत बसून कुठल्याशा परदेशी बँकेच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे काम. कोरमंगलात एक मराठी बाई वरची खोली भाड्यानं देते असं कळलं, म्हणून गेले. पुण्यात मालकीणबाई जेवणाखाण्याचं, येण्याजाण्याचं, पाहुण्यारावळ्यांचं विचारतात. हिनं माझ्या हातात प्लॅस्टिकची दोन दातेरी चाकं ठेवली. "हे चोवीस दात्याचं, हे आठाचं. मोठं एकदा फिरलं तर धाकटं किती?" मी म्हटलं, तीनदा. "सरी, बरोबर. राहायला कधी यायलीस?"

आत गेले आणि थक्क झाले. जेवणाच्या टेबलावर लाल, पिवळ्या, निळ्या ठोकळ्यांचं एक लंबकाचं घड्याळ टिकटिकत होतं. लहान मुलं एकमेकांत अडकवून घरं बांधतात ना, तेच ठोकळे. घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडायचं, पण चालायचं, खरंखुरं. बाजूला तराजू होता, शिवणयंत्राची सुई वरखाली करणारा सांगाडा होता. अक्का मूळची बेळगावची. इथल्या एका यंत्रांच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात तिनं तीस वर्षं काढली, इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेली चित्रं शाईनं गिरवण्यात. लग्न केलं नाही. मुदतीआधी निवृत्ती घेतली त्याच सुमारास अमेरिकेतल्या भाच्यानं नको झालेल्या ठोकळ्यांचं एक मोठं खोकं तिच्याकडे टाकलं, आणि बाईंना आयुष्य सापडलं. बेळगावकडच्या बायका बोलतात तशी ती 'मी येतो, मी करतो' म्हणायची. "तीस वर्षं लोकांच्या रेषा गिरवलो की गं. आता माझ्या काढतो," असं तिनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. दुसऱ्या महिन्यात 'अहो अक्का'ची 'अगं अक्का' झाली, तीही तिच्याच हुकमानं.

तिचे दोन कायदे होते. चित्र काढल्याशिवाय एक ठोकळा लावायचा नाही. आणि ठोकळा कापायचा नाही, चिकटवायचा नाही. जे उघडता येत नाही ते दुरुस्त होत नाही, हे तिचं ठाम मत. ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्यांना ती बटणं म्हणायची, आणि जगातल्या सगळ्या गोष्टी बटणांत मोजायची. एकदा मी ऑफिसच्या बसला धावत होते तर जिन्यातून हाक: भोकं असलेल्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून मध्ये दोन पातळ चकत्या घातल्या की उभी आणि आडवी भोकं तंतोतंत जुळतात, हे तिला नुकतंच सापडलं होतं. मी बस सोडली. खरंच सोडली. दोघी जमिनीवर बसून पट्ट्या जुळवत राहिलो आणि मला पदवीच्या चार वर्षांत झाला नव्हता एवढा आनंद झाला. मग आम्ही जिन्याच्या पोकळीत कॉफीचा पाळणा केला. खालून मोटर सुरू केली की पेला वर माझ्या दारात. पहिले आठ दिवस निम्मी कॉफी जिन्यालाच मिळायची. मला कंपनीनं तीन महिने अमेरिकेला पाठवलं तेव्हा लोक चॉकलेटं आणतात, मी बॅग भरून ठोकळे आणले. कस्टमच्या माणसानं विचारलं, मूल केवढं आहे? मी म्हटलं, एकोणसाठ वर्षांचं.

त्याच वर्षअखेरीला दादा आले. दादा म्हणजे अक्काचे थोरले भाऊ. बेळगावच्या एका छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासून चुका काढलेले, घरात एकटेच. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. वाचा वाचली, पण डावा हात इतका थरथरायचा की पान चिमटीत येईना. अक्का त्यांना घेऊन आली. पुस्तक उतरत्या फळीवर ठेवायचं आणि कुणीतरी शेजारी बसायचं. पान संपलं की दादा मान हलवणार, आपण उलटायचं. अक्का बसायची, मंजुळा बसायची, संध्याकाळी मी. तीन आठवड्यांनी दादा म्हणाले, वाचन नको, डोळे दुखतात. पुस्तक त्या पानावर तसंच उघडं राहिलं. अक्का त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डोळे ठणठणीत. रिक्षातून उतरून ती सरळ माझ्या खोलीत आली. "डोळे नाहीत दुखत त्याचे. सारखं मागून घ्यायचं दुखतंय," म्हणाली. "जन्मात कधी कुणाकडं काय मागितला नाही तो. तू कागद काढ."

पुढचे दिवस मला आजही आठवले की अंगात वीज येते. पान उलटायचं म्हणजे दोनच कामं, एक पान उचलायचं आणि पलीकडे टाकायचं. आपण ती झोपेतही करतो, म्हणून आपल्याला त्यातलं कठीण काय ते माहीतच नसतं. आम्ही आधी पंखा करून बघितला. पानं नाचली, उलटलं एकही नाही. मग चाकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. त्यानं पान उचललं, पण एकदम तीन. सराव टेलिफोनच्या डिरेक्टरीवर चाले, कारण तिच्याइतकी पातळ पानं दुसऱ्या कशाची नाहीत. मी बसमध्ये प्रिंटआउटच्या पाठीवर चित्रं काढायची, मीटिंगमध्ये टेबलाखाली बोटांनी कागद सोडवत बसायची. गुरू भेटला तो स्वयंपाकघरात. मंजुळा इडलीखालचं ओलं फडकं काढत होती. ओढत नव्हती, आधी बोटानं जरा मागं ढकलायची, मग उचलायची. अक्का तिच्या हाताकडे बघतच राहिली. पान उचलायच्या आधी चाक केसभर मागं घ्यायचं. खालचं चिकटलेलं पान आपोआप सुटतं. त्या संध्याकाळी आम्ही डिरेक्टरीची दीडशे पानं एकेक करून उलटली. मंजुळा मोजत होती, कन्नडमध्ये, मोठ्यानं.

आता पक्कं यंत्र बांधायचं ठरलं. अक्कानं चित्र काढलं, मध्ये समोरून दिसणारं, त्याच्या उजव्या हाताला बाजूनं दिसणारं. खालची चौकट आणि मोटर तिनं घेतली, पान उचलणारा हात मी. दोन संध्याकाळी ती खाली, मी वर. रविवारी सकाळी दोन्ही जोडलं. चौकट दोन्ही अंगांनी सारखीच, त्यामुळे हात मस्त बसला. आधी डिरेक्टरीवर चालवून बघायचं होतं. पण धीर कुणाला? सरळ दादांपुढे नेऊन ठेवलं. त्यांचं पुस्तक अजून त्याच पानावर उघडं होतं, चाळीस-एक्केचाळीस. दादांनी डाव्या मनगटानं मोटर सुरू करायची पट्टी दाबली. मोटर गुणगुणली, हात उचलला गेला... आणि डावीकडे गेला. चाळिसावं पान उचलून त्यानं ऐटीत उजवीकडे आणून टाकलं. पुस्तक मागं गेलं.

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या चित्राकडे. आणि दोघींना एकाच वेळी कळलं. तिच्या कारखान्यात यंत्र उजवीकडून जसं दिसतं ते कागदावर उजवीकडे काढत. आमच्या कॉलेजात उजवीकडून दिसलेलं डावीकडे काढायला शिकवलं होतं. म्हणजे तिनं उजवी बाजू काढली होती, मी ती डावी म्हणून वाचली आणि आरशात दिसावा तसा हात बांधून मोकळी झाले. दोन्ही रीती पुस्तकात आहेत, दोन्ही बरोबर आहेत, पण हे अक्काला कोण सांगणार? "उजवं ते उजवीकडं. शाण्या माणसाची रीत हाय ही." मी पुण्याची; मत विचारलं नाही तरी देणारी. म्हटलं, सगळं कॉलेज वेडं आणि तुझा कारखाना शहाणा काय? "उलटं शिकवलेत तुला, मी काय करू?" आवाज चढले. मंजुळा मध्ये येऊन "स्वल्प, स्वल्प", जरा दमानं, करत राहिली. तेवढ्यात पुन्हा मोटर गुणगुणली. आणखी एकदा.

"गप्प बसा दोघी," दादा म्हणाले. ते वाचत होते. "हे बघा, चौतिसाव्या पानावर मामाचं नाव सदाशिव. एक्केचाळिसाला सखाराम झालाय. तवापासनं डोक्यात घोळायलंय माझ्या. मागं जाऊन बघायचं होतं."

"मग सांगायचं की दादा," अक्का म्हणाली.

"पुढचं पान उलटा म्हणून दिवसातनं शंभरदा सांगायचं. वर मागचं पण सांगू?"

आम्ही तिघी इतके दिवस त्यांच्या शेजारी बसून पानं उलटत होतो आणि आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं की वाचणारा माणूस मागंही जातो. जन्मभर चुका धरत आलेला माणूस तर जाणारच. माझा उलटा हात आम्ही काढला नाही. अक्कानं त्याच्यासमोर उजवीकडे दुसरा बांधला. दोन हात, दोन पट्ट्या, एक पुढं न्यायला, एक मागं. दादा पुन्हा सकाळपासून वाचायला लागले, आणि डोळे दुखल्याचं कधी म्हणाले नाहीत. पण अक्कानं आपली चूक कबूल केली असेल असं समजू नका. पुढे प्रत्येक चित्रावर आमचं वाजायचंच. लग्न होऊन मी पुण्याला आले तरी रविवारच्या फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय गं, अजून उलटंच बघायलीस का?"

बाराव्याला मी बंगळूरला पोचले. घर बेळगावच्या नातेवाइकांनी भरलेलं. अक्का गेल्यावर चौथ्या दिवशी यंत्र बंद पडलं होतं. माणसं चांगली होती, पाळीपाळीनं दादांजवळ बसून पानं उलटत होती. "पण परवापासून वाचतच नाहीत हो," एक वहिनी मला हळूच म्हणाल्या. "डोळे दुखतात म्हणतात."

मी यंत्र टेबलावर घेतलं आणि झाकण काढलं. मी शेवटचं बघितलं त्यानंतरच्या दोन वर्षांत अक्कानं आतलं सगळं बदललं होतं. कुठलं चाक कुठं जातं काही लागेना. उघडीन खरी, पण पुन्हा जुळवू कशी? मंजुळानं कपाटामागून कागदांची गुंडाळी आणून दिली. डॉक्टरांनी अक्काला तिच्या हृदयाचं सांगितलं तेव्हापासून ती रोज कॉफीनंतर हेच काढत बसायची, असं मंजुळा म्हणाली. मला फोनवर अक्का यातलं एक अक्षर बोलली नव्हती. अकरा कागद होते. तिचं चित्र म्हणून मी सवयीनं उजवं-डावं मनातल्या मनात फिरवून वाचायला लागले आणि जुळेचना. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा नीट बघितलं. उजवीकडून दिसणारी बाजू डावीकडे काढलेली होती. पहिल्या कागदावर, दुसऱ्या, अकराव्या. शेवटच्या कागदाच्या कोपऱ्यात, तिच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'दीपा, तुझ्या पद्धतीनं काढलोय. पद्धत चुकीचीच हाय. पण दादाचं वाचन थांबायला नको.'

मी सगळ्यांसमोर रडले. तीस वर्षं एकाच रीतीनं चाललेला हात, तो साठी उलटल्यावर वळवायचा म्हणजे काय, हे ज्यानं कधी रेषा ओढली असेल त्यालाच कळेल. आणि ते जिच्याशी जन्मभर भांडली तिच्यासाठी...

बिघाड साधाच निघाला. आठ दात्यांच्या चाकाचा एक दाता झिजला होता. सहाव्या कागदावर ते कुठं आहे, त्याच्याआधी काय काढायचं, सगळं होतं. खोक्यातून दुसरं चाक घेतलं, लावलं, झाकण बसवलं आणि यंत्र दादांपुढे ठेवलं. त्यांनी मनगटानं पट्टी दाबली. यंत्राचा उजवा हात उचलला गेला, पान पुढं गेलं. ते वाचायला लागले. थोड्या वेळानं दुसरी पट्टी दाबली, डावा हात उठला, पान परत आलं. काहीतरी सापडलं असणार. मी विचारलं, "दादा, नीट चाललंय ना?" त्यांना ऐकू गेलं नाही. मी आणखी तासभर तिथे बसले होते. त्यांनी एकदाही मान वर केली नाही.