जिन्यातली वरची बाजू

अधिक महिन्यात जावयांना धोंडे खायला बोलावतात, तसे मागच्या खेपेला आम्ही दोघे साडू सासरी वडगाव निंबाळकरला जमलो. मी बारामतीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. धाकटे साडू डाळजला शेती करतात. जाताना गाडीत बायकोने मला बजावलं, "धाकट्या पाहुण्यांची कंबर पुन्हा धरलीय. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केलीय आणि उसाची लागण तोंडावर आलीय. ते स्वतः कुणाला सांगायचे नाहीत. तुम्ही लक्ष ठेवा."

मी हो म्हणालो. मी कशालाही हो म्हणतो आणि मग ते हो दिवसभर माझ्या छातीवर बसून राहतं.

घरात शिरलो तर हॉलमध्ये नवंकोरं लोखंडी कपाट आडवं पडलेलं. टेम्पोवाल्यांनी जिन्याचं वळण बघितलं आणि ते तिथंच टाकून काढता पाय घेतला. नेमके तिथंच आमचे पाट मांडायचे होते.

"आता जावयांना काय कपाटावर बसवू?" सासूबाई म्हणाल्या.

सत्तरीचे सासरे धोतर सावरून स्वतःच कपाट उचलायला वाकले. ते बघून साडू धावले आणि साडूंना बघून मी धावलो.

"तुमी न्हाय हात लावायचा, बापू. आज तुमचा मान हाय," सासरे साडूंना म्हणाले.

"आबा, मानाला बसायला जागा तर पायजे," साडू म्हणाले आणि त्यांनी कपाटाला हात घातलासुद्धा.

कपाट माडीवर न्यायचं होतं. कुणी कुठली बाजू धरायची याचा निकाल आबांनी उभ्या उभ्या दिला. "थोरलं जावई वर, धाकटं खाली." आमच्या सासरी हे ठरलेलंच. पाट थोरल्याला आधी, ओवाळणं थोरल्याला आधी, तर मग जिन्यात वरची पायरीही थोरल्याचीच.

इथं माझी अडचण सुरू झाली. सपाट जमिनीवर कपाट धरलं तर दोघांना निम्मं निम्मं वजन येतं. जिन्यात ते तिरकं होतं, तळाला हात घालून धरलेल्या कपाटाच्या वजनाचा मध्य खालच्या माणसाकडे सरकतो आणि भारही त्याच्याकडे जातो. कपाट जितकं उभं होईल तितका खालचा दबणार. हे मी दरवर्षी फळ्यावर काढतो, बाणांसकट. म्हणजे मान मला आणि वजन दुखऱ्या कंबरेला! सगळं ठाऊक असून मी मुकाट्याने वरची बाजू धरली. मान नाकारणं बरं दिसलं नसतं, अशी मनाची समजूत घातली. शिवाय वरची बाजू छान हलकी लागत होती.

काही पायऱ्या चढल्यावर खाली पाहिलं. साडूंच्या कपाळावरची शीर फुगली होती. माझ्याकडे बघून ते हसले. शिव्या दिल्या असत्या तर मी वरपर्यंत तसाच गेलो असतो, पण ते हसणं काही मला सोसवलं नाही. वळणावर पोचताच मी म्हणालो, "टेकवा. मी खाली येतो. खालच्याला वजन जास्त येतं."

"कोण म्हणतं?"

"फिजिक्स."

खालून आबांचा आवाज आला, "का थांबलं?"

"आबा, सर बाजू बदला म्हणत्यात."

"का? वर काय टोचलं का त्यांना?"

मी कठड्यावरून वाकून आबांना बलाचं आघूर्ण, म्हणजे मोमेंट, समजावलं. वजन गुणिले अंतर, दोन्हीकडचा हिशेब सारखा झाला की वस्तू स्थिर राहते. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते हुईल सारखं. पर थोरलं जावई खाली आन धाकटं वर? कुणी बघितलं तर?"

"जिन्यात कोण बघतंय, आबा?"

"मी बघतूय की!"

स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या, "जेवण गार व्हाय लागलंय. कुणीबी वर धरा, पर धरा!"

कपाट भिंतीला टेकवून आम्ही पोटाला पोट घासत जागा बदलल्या. उचललं आणि माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. फळ्यावर या बाणाची लांबी मी आजवर फार कमी काढत आलो होतो.

"जड जातंय का, सर?"

"छे."

"थांबा, मी जरा वर उचलून धरतो. तुमाला हलकं व्हईल."

साडू मनाचे मोठे आणि अंगानेही उंच. त्यांनी आपली बाजू छातीपर्यंत घेतली. कपाट आणखी उभं झालं आणि उरलासुरला भार माझ्या हातात ओतला गेला.

"आता?"

"उत्तम."

"अजून घेऊ?"

"नको!"

"लाजू नका वो, सर," असं म्हणत त्यांनी ते खांद्याला लावलं.

खाली घ्या म्हटलं असतं तर त्यांना वाकावं लागलं असतं, आणि त्यांनी वाकलेलं आम्हाला परवडणार नव्हतं. ते ताठ उभे होते तोवर लागण सुखरूप होती. मी दात आवळून पायरी शोधत राहिलो. माझ्यासारख्याला अशा वेळी एक बरं वाटतं, की चला, शिक्षा लगेच मिळतेय.

कपाट एकदाचं माडीवर टेकलं. साडू हात झटकत म्हणाले, "मला तर कायच वजन आलं न्हाय. नुसता हात लावला हुता."

"असंच असतं," मी म्हणालो. याहून लांब वाक्य मला जमण्यासारखं नव्हतं.

जेवायला साडू पाटावर झकास मांडी घालून बसले, पुढं वाकून धोंड्यावर तूप वाढून घेतलं, ताटाखालची रांगोळी पुसली म्हणून ओशाळून हसले. मी भिंतीला धरून उभा होतो. शेवटी माझ्यासाठी खुर्ची आणली. वाढता वाढता बायको साडूंच्या पाठीकडे बघत होती. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "त्यांची कंबर?"

"एकदम शाबूत. नुसता हात लावला त्यांनी."

तिने माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं, की जिन्याच्या पहिल्या निम्म्या भागाबद्दल तिला तिथल्या तिथं सांगून टाकायला हवं होतं.

"आणि तुमची?" तिने विचारलं.

मी अजून थोडं तूप मागितलं.