सर्व्हरवरचा नारळ

हां, तर नारळ अजून तिथंच होता. सर्व्हरच्या डोक्यावर. सर्व्हर म्हणजे पतपेढीचे सगळे हिशेब, सगळ्यांची माहिती पोटात घेऊन बसलेला मोठा संगणक. झेंडूची माळ घालून तो मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखा उभा होता आणि त्याच्या की-बोर्डावर पेढ्यांचं ताट. समोर आपली दर्शना कमरेवर हात ठेवून उभी. चेहरा असा, की समोर दूध असतं तर नासलं असतं!

लालबागच्या श्रमसाथी पतपेढीत दर्शना तांबे संगणक सांभाळायची. डिलाईल रोडच्या चाळीतली पोर, बाप गिरणीतला. टायपिंगला लागली आणि शिकत शिकत सगळ्या यंत्रांची वाली झाली. वाली म्हणजे काय, तर प्रिंटरात कागद अडकला, बोलवा दर्शनाला. पंखा करकरला, तरी दर्शनाच! पगारवाढीचा विषय निघाला की मात्र सगळ्यांना चहाची तल्लफ यायची.

आता झालं होतं असं, की 'खारा वारा' नावाच्या हॅकरांच्या एका टोळीने पतपेढीला धमकी दिली होती. चोर नव्हेत हं ते, पैशाला शिवत नाहीत. कुठं अन्याय दिसला की तिथल्या कंपनीच्या संगणकात शिरायचं, वेबसाइट बंद पाडायची, आतली माहिती चव्हाट्यावर उधळायची, असलं त्यांचं आंदोलन. पतपेढीने एका बिल्डरला कर्ज दिलं होतं आणि तो निघाला होता समुद्राकाठची मासळी वाळवायची जागा गिळायला. म्हणून यांनी जाहीर केलं, 'दसऱ्याला तुमच्याकडे सीमोल्लंघन!'

सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये एक भोक होतं, बाहेरच्याला आत शिरता येईल असं. ते बुजवायचा अपडेट येऊन पडला होता. दर्शना रोज मागे लागायची आणि चेअरमन गंगाधर सावंत रोज म्हणायचे, "सभासदांचं काम अडेल गो, उद्या बघू." शेवटी खंडेनवमीची दुपार ठरली, कारण त्या दिवशी लवकर बंद. ही डबा खाऊन परत येते, तो पूजा उरकलेली!

"साहेब, नारळ काढा."

"खुळी काय तू? खंडेनवमीक पूजलेलं हत्यार कोण उचलता? आज त्याका विश्रांती. उद्या पूजा उतरली की कर काय ता."

"तो कुठं विश्रांती घेतोय? माळेखाली चालूच आहे. ऐका ना, घरघरतोय."

"चालू आहे? मग झालं तर!"

"अहो, दार उघडं आहे त्याचं!"

"देवाचं ठेवलंय वर. कोण येतंय आत?"

दर्शनाने कपाळावर हात मारला. संध्याकाळी दादरहून नागपूरची बस होती. दसऱ्याला दीक्षाभूमीवर आईला, बकुळाबाईंना, न्यायचं होतं. त्या दरवर्षी निघायच्या आणि दरवर्षी आडवं काहीतरी यायचं, बहुतेक वेळा हीच पतपेढी. भोक उघडं टाकून जावं तर सभासदांचा घात, थांबावं तर आईचा. घरून काम करायची सोयही नव्हती, कारण चोरवाट नको म्हणून बाहेरून शिरायचा रस्ता तिनेच बंद करून टाकला होता.

आता नारळ उचलायला काय पैलवान लागतो? पण तिला पक्कं ठाऊक होतं, तोच नारळ क्लार्क अजितने उचलला तर ते काम, आणि बौद्धांच्या पोरीने उचलला तर ती बातमी.

"भटजींना विचारू का?" अजितने फोन काढला. भटजी दुसरीकडच्या पूजेत. फोन उचलेनात.

"लावत बस," दर्शना म्हणाली, "तोवर मी हॅकरांनाच विचारते, मुहूर्त पुढे ढकलता का!"

एवढ्यात काउंटरपाशी भरणा करायला आलेली मच्छीमार नगरची रखमा पुढे सरकली. बाईने मघापासून सगळं ऐकलं होतं.

"चेअरमन, सकाळी मीपण कोयता पुजला. हळद लावली, फूल वाहिलं. मग माझी रोजची गिऱ्हाईक फर्नांडिसबाई आली. तिची सुरमई काय दाताने कापू?"

अजित फिसकन हसला. गंगाधररावांनी त्याच्याकडे डोळे वटारले.

"तुझ्याच जागेसाठी भांडतायत ना गो ती पोरं?"

"जागेचं बोलतात ते खरंच बोलतात. त्या कर्जाचं तुम्हाला सभेत विचारणार आहे मी, सोडणार नाय! पण माझा आधार नंबर, माझा मोबाईल, माझी ठेव जगाला वाटून माझी जागा कशी वाचणार? उद्या कोणीपण फोन करून मलाच गंडवेल. उचला तो नारळ. नायतर माझे पैसे द्या, मी चालले."

ठेव निघणार म्हटल्यावर शास्त्र जरा सैल झालं. गंगाधररावांनी स्वतःच्या हाताने नारळ उचलला, सर्व्हरला नमस्कार करून "माफ कर रे बाबा" म्हणाले आणि ताट अजितच्या हातात दिलं.

दर्शना बसली. पडद्यावरची निळी पट्टी गोगलगाईच्या चालीने सरकत होती. मध्येच आईचा फोन, "निघालीस काय?" हिचं, "निघते." पट्टी अडकली, ही पुटपुटली, पट्टी पुन्हा हलली. अपडेट बसला, सर्व्हर बंद होऊन पुन्हा उठला, भोक बुजलं. सभासदांच्या माहितीची एक प्रत तिने वेगळी काढून तिजोरीत ठेवली आणि बॅग खांद्याला लावली.

तेवढ्यात गंगाधरराव पेढा घेऊन दारात आडवे. "दर्शना, उद्या थांबतेस ना? म्हणजे काही झालंच तर... नागपूर काय, पुढल्या वर्षी आहेच."

दर्शनाने पेढा घेतला आणि म्हणाली, "साहेब, उद्या त्यांनी वेबसाइट पाडली तर पडू दे, दोन दिवस बंद राहिली म्हणून कोणी मरत नाही, आतलं काही आता सहज हाती लागायचं नाही. कोणी गोड बोलून पासवर्ड मागितला तर देऊ नका, माझं नाव सांगितलं तरी देऊ नका. आणि मला फोन करू नका, मी उचलणार नाही. पुढल्या वर्षी नागपूर असेल हो. आई असेल, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"