न उडणारा फ्यूज

चन्नपट्टणात लाखेची खेळणी करणाऱ्यांचं अर्धं घर म्हणजे कारखानाच. शिवलिंगय्याच्याही पुढच्या खोलीत संसार आणि मागच्या खोलीत मोटारीवर चालणारं लेथ, खाली लाकडाच्या भुशाचा ढीग. वायरिंग त्यानं स्वतः केलं होतं. आपल्याला सगळं येतं, असं त्याचं मत होतं आणि या मताला दुसरं कुणी अनुमोदन दिलेलं नव्हतं.

फ्यूज सारखा उडायचा. वैतागून त्यानं त्यात चांगली जाड तार घातली.

"आता उडून दाखव म्हणावं."

"अहो, तो उडायलाच ठेवलेला असतो ना?" बायको पुट्टम्मा म्हणाली.

"तुला त्यातलं काय कळतं?"

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, लेक भाग्या बाळंतपणासाठी आलेली होती. तिच्या कौतुकासाठी शिवलिंगय्यानं सगळ्या घरावर दिव्यांच्या माळा सोडल्या आणि लेथच्याच वायरला पिळून जोडल्या. लेथ, पटाश्या, स्कूटर सगळ्यांना हळदकुंकू झालं. मेन स्विचला झेंडूचा हार घातला. पूजेला मांडलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नसतो.

दुपारी जेवून तो लवंडला. जळका वास आला, पण लाखेचा असेल म्हणून त्यानं कूस बदलली. नाकावरही त्याचा फाजील विश्वास होता. मग धूर आला.

भुसा पेटला होता, वर वायर वितळत होती आणि फ्यूज ढिम्म. भिंतीपलीकडे भाग्या झोपलेली. शिवलिंगय्या स्विचकडे धावला, हार दिसला आणि थबकला. सवयीनं हातही जोडले. मग त्यानं पाण्याची बादली उचलली.

"पाणी नको, मराल," पुट्टम्मा ओरडली. "आधी मेन बंद करा."

"अगं, पूजेतला आहे. उद्यापर्यंत कसा..."

"उद्यापर्यंत लेक राहील का?"

नाचणीचे उंडे घोटायची कोरडी लाकडी काठी घेऊन तिनं स्विच खाली ओढला. हार तुटून पडला. अंगणातली वाळू दोघांनी घमेल्यांनी ओतली, तेव्हा कुठे आग विझली.

भाग्या डोळे चोळत आली. "अप्पा, काही करपलं का?"

"माझी अक्कल," तो म्हणाला. त्याला तिच्या पोटाकडे बघवेना. तो तिथंच वाळूत बसून रडला.

आता वायरमननं नवीन बोर्ड बसवलाय. भुसा रोज पोत्यात भरला जातो आणि वाळूची बादली दारात असते. नातीसाठी केलेला खुळखुळा बघायला येणाऱ्यांना शिवलिंगय्या स्वतःच ती गोष्ट सांगतो. "तो जुना फ्यूज अगदी माझ्यासारखा होता. अंगानं जाड, आणि घर पेटलं तरी जागचा हलायचा नाही."

परवा लेथची मोटार अडकली आणि नव्या बोर्डातला खटका उडून सगळं बंद पडलं. आतून पुट्टम्मानं विचारलं, "गेली का हो वीज?"

"गेली," पाळण्यातल्या नातीकडे बघत तो म्हणाला. "बरं झालं."