गेटावरचं हळदीकुंकू

माझ्या बायकोला मी दोनदा शब्दात पकडलं. दोन्ही वेळा मी जिंकलो. आता ती नाही, आणि मी रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या जुन्या भाड्याच्या घरात परत येऊन हे लिहितो आहे.

आमचं सरकारी दफ्तर शहराबाहेर वसवलेल्या नव्या रायपूरला हललं, तेव्हा खात्यातले बहुतेक जण बसने जाऊन-येऊन करू लागले. तास जायला, तास यायला. बसमध्ये मला वाचता येत नाही, डोकं गरगरतं. तिथल्या सरकारी वसाहतीत फ्लॅट मिळत होता. मी अर्ज भरला आणि तिला नंतर सांगितलं.

"काहून जायचं तिथं?" ती म्हणाली. "कोण आहे आपलं?"

मी म्हणालो, नाव तर बघ, नवा रायपूर. 'नया' नाही, 'नवा'. सरकारने आपला मराठी शब्द उचलला आहे. तिचे आजोबा अमरावतीकडून रेल्वेच्या नोकरीत इथे आलेले. तिचा सगळा जन्म हिंदी पाट्या वाचण्यात गेलेला. तिला इतकं बरं वाटलं की गल्लीत चार घरी सांगून आली. सामान चढवताना टेम्पोवाला हसला. "नवा तो हमर छत्तीसगढ़ी आय, काकी." मला ते आधीपासून ठाऊक होतं, आणि हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं.

टेम्पोत बसल्यावर ती म्हणाली, "एक संक्रांत पाहीन. माझ्या हळदीकुंकवाला पाच बाया आल्या तर राहू. नाही तर परत. तोवर इथली खोली सोडायची नाही." मी कबूल झालो.

त्या शहराबद्दल चांगलं काही लिहायची माझी इच्छा नाही. रस्ते इतके रुंद की पलीकडे कोण उभं आहे ते ओळखू येत नाही, आणि बहुधा कोणी नसतंच. सायकलींसाठी वेगळी वाट आहे, तिच्यावर गाई बसतात. काचेच्या इमारतींवर संगणक कंपन्यांसाठी जागा असल्याच्या पाट्या. खालच्या मजल्यावर दिवे, वर अंधार. कोथिंबीर आणायची तर स्कूटर काढावी लागते. कारंज्याभोवतीचं गवत खुरपणाऱ्या बायांपैकी एकीला माझ्या बायकोने विचारलं, गाव कोणतं? तिने खुरप्यानेच कारंज्याकडे दाखवलं. हे शहर बाहेरून आलेल्या पाहुण्यांना गाडीतून दाखवायला बांधलं आहे. राहणारा माणूस तिथे अडचण असतो. आमच्या मजल्यावर चार दारं होती आणि तीन कुलुपं.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी तिने बायका बोलावल्या. बुढापाऱ्यातल्या तिघी आणि शेजारच्या पुरानी बस्ती मोहल्ल्यातल्या दोघी, एक आटो करून निघाल्या. वसाहतीच्या गेटावर पाहुण्याने फ्लॅटचा नंबर सांगायचा, मग ज्याच्या नावाने फ्लॅट त्याच्या फोनवर कोड येतो, तो सांगितला की दांडा वर होतो. फ्लॅट माझ्या नावाने होता. त्या वेळी मी दफ्तरच्या सभागृहात फोन मुका करून बसलो होतो, आणि एक तरुण अधिकारी पडद्यावर दाखवत होता की या शहरातला प्रत्येक दिवा, प्रत्येक नळ एका खोलीत बसून कसा कळतो.

त्यांना घ्यायला ती खाली गेटावर गेली होती; तिथे काय झालं ते मला तिने सांगितलं.

"कोड के बिना नहीं खुलेगा, दीदी," गार्ड म्हणत होता. "सिस्टम है."

"अगं, तुह्या घरी यायले व्हिसा लागते का?" दांड्यापलीकडून एकीने विचारलं.

"भाऊजींले फोन लाव ना."

"लावून राहिली. उचलतच नाहीत."

"पुस्तकात तोंड घालून बसले असतील."

सगळ्या हसल्या. उन्हात अर्धा तास गेला. आटोवाला भोंगा वाजवायला लागला. मग ती वर जाऊन तबक घेऊन खाली आली आणि त्या लाल-पांढऱ्या दांड्यावरून हात लांब करून एकेकीला हळदीकुंकू लावलं. तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या दिल्या. गार्डच्या हातावरही तिळगूळ ठेवला. आटो वळून निघून गेला.

मी घरी आलो तेव्हा तिने पलंगाखालची पेटी बाहेर ओढली होती.

"बांधायचं ना सामान?" सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली.

मी म्हणालो, "पाच जणी आल्या होत्या ना?"

"गेटापर्यंत."

"तू 'आल्या तर' म्हणाली होतीस. घरात आल्या तर, असं म्हणाली नव्हतीस."

तिने पेटी सोडली. "हव," म्हणाली, आणि तबक धुवायला घेतलं. पेटी मीच आत ढकलली. त्या रात्री मी शांतपणे वाचत बसलो, हे लिहायची मला लाज वाटते.

ती भाद्रपदात गेली. दुपारी, स्वयंपाकघरात, ओट्याजवळ. मी संध्याकाळी सहाला दार उघडलं. कोणी वेळेवर पाहिलं असतं तर, असं म्हणून डॉक्टर थांबले. बुढापाऱ्यात भांडं पडलं तरी शेजारीण खिडकीतून विचारते. तिथे कोण विचारणार होतं, कुलुपं?

त्या पाच जणींपैकी एक इथे दोन घरं सोडून राहते. कधीमधी वरण-भाताचा डबा देते. परवा मी न राहवून तिला त्या दिवसाबद्दल विचारलं. पाच जणी आल्या होत्या हे तिच्याही तोंडून ऐकायचं होतं मला.

"भाऊजी, रस्त्यावरचं हळदीकुंकू कोण धरते?" ती म्हणाली. "उंबरठा ओलांडला नाही तर ते झालंच नाही. आम्ही तिले तिथंच म्हटलं, तू शर्त जिंकली, चाल परत. तिले काय ठाऊक नव्हतं?"

"मग ती राहिली काहून?"

"म्हणे, पेटी काढून पाहीन, पण हे नको म्हणाले तर राहीन. ह्यांले सांगू नका. त्यांले इथं वाचता येते."

मी डबा हातात धरून उभा राहिलो. "अजून काय म्हणाली?"

"अजून काय म्हणेल? आटोवाला ओरडून राहिला होता."