धुऱ्याकाठची ज्वारी

लढाईच्या दिवसांत सरकारला एकाएकी आमच्या पोटाची काळजी वाटू लागली. कपाशी सोडा, ज्वारी पेरा, एकरामागे रोख पैसे घ्या, अशी दवंडी मूर्तिजापूरच्या बाजूला गावोगाव फिरली. त्याच उन्हाळ्यात आमच्या जोडीतला एक बैल मेला होता. वडील तर आधीच गेलेले. खरिपाची पेरणी शेजाऱ्याचा बैल मागून उरकली, पण हरभऱ्याला तो मिळणार नाही असं त्याने तोंडावर सांगितलं. म्हणजे दिवाळीच्या आत बैल पाहिजे, आणि आमचा बैल सरकारच्या खिशात.

मी तेव्हा पंचविशीचा. हुशारी अंगात इतकी की तालुक्याला वाटून उरली असती. पटवाऱ्याकडे सगळं शेत ज्वारीचं म्हणून लिहून दिलं. पेरल्या मात्र धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, काठाने चार ओळी; आत सगळी कपाशी. पैसे सरकारचे, कापूस माझा. ज्वारी अशी वाढली म्हणता, कणसावर बसायला निघालेला कावळा अर्ध्या वाटेत दम खाई. सडकेवरून ज्वारीशिवाय काही दिसणं शक्यच नव्हतं.

फक्त पैसे मिळायचे ते सरकारी पाहणी झाल्यावर, आणि पाहणीचे साहेब येईनात. दसरा झाला. मी तोंडात घास तसाच ठेवून सडकेपर्यंत जायचो, परत यायचो, पुन्हा जायचो. माझ्या चपलांनी वाट इतकी खोल गेली की तीतून नाला वाहिला असता. आत बोंडं फुटायला लागली होती. वाऱ्याने ज्वारी जरा हलली की मी आधी सडकेकडे बघायचो.

शेवटी एका सकाळी छकडा थांबला. आधी साहेबांचं पोट उतरलं, मागून साहेब. अकोल्याकडच्याच शेतकऱ्याचा मुलगा. धुऱ्यावर उभं राहून त्यांनी एक ताट वाकवून कणीस कुरवाळलं, कागद काढला. मी ज्वारीचं असं कौतुक लावलं की तीही लाजली असेल. दौत उघडली, टाक बुडाला.

तेवढ्यात माय आली. डोक्यावर टोपली, टोपलीत दहीभात आणि कुंकू. वेचणीच्या पहिल्या दिवशी कपाशीला दहीभात वाहून सीतादही करतात, हे अख्ख्या वऱ्हाडाला ठाऊक. कागदावर काय लिहून दिलंय ते मात्र मी मायला सांगितलं नव्हतं.

"बरं झालं आले भाऊ," ती साहेबांना म्हणाली. "सीतादही करून राह्यलो आमी. परसाद घेऊनच जा."

साहेबांचा टाक वरच राहिला. "माय, ज्वारीले सीतादही कधीपासून?"

"ज्वारीले कावून करन कोणी? ज्वारीच्या चारच ओळी. आत सारी कपाशी हाय, या ना."

साहेबांनी जोडे काढले आणि ताटं बाजूला सारत तिच्या मागे गेले. मी दोघांच्या मागे शेपटासारखा. पूजा झाली. साहेबांनी द्रोणभर दहीभात खाल्ला, बोटं चाटली. मी हळूच म्हणालो, साहेब, बैल घ्यायचा होता.

"कपाशीचा परसाद खाऊन खोटं लिवू काय?"

चार ओळींचे पैसे आले. त्यात बैलाची वेसण आली, बैल नाही.

हरभरा तर पेरायचाच होता. जुवाच्या एका बाजूला बैल जुंपला, दुसऱ्या बाजूला मी. पेरणीची तिफण मायने धरली. त्या दिवशी बैल थकला तरी मी ओढतच होतो, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे तिसऱ्या फेरीला बैल थांबला, कारण मी बसलो होतो.

"ऊठ बाप्पा," माय म्हणाली. "जमिनीतली वल जाऊन राह्यली."

उठलो.