बाईंच्या अर्जाला मी दिलेलं उत्तर

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलांना नाही. कुणी बाईंचा विषय काढला की मी उठून माडांना पाणी लावायला जायचो. आता बाई नाहीत, आणि टाळायला मला काही निमित्तही उरलेलं नाही.

बाई म्हणजे आमच्या चौथीच्या वर्गशिक्षिका. तारकर्लीकडच्या एका ख्रिस्ती घरातल्या. मी पुढे तालुक्याच्या एका कार्यालयात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. बाई निवृत्तीनंतर वाडीतच राहिल्या. कामासाठी ऑफिसात आल्या की सगळ्यांसमोर मला ‘साहेब’ म्हणायच्या, शुद्ध मराठीत बोलायच्या, आणि व्हरांड्यात गाठलं की विचारायच्या, “काय रे, जेवलंस काय? आणि ह्यो शर्ट इस्त्री केल्याशिवाय घालून इलंस?” मी पन्नाशी ओलांडली होती. दर नाताळात नेवऱ्या आणि दोदोल अशा गोडाने भरलेला डबा माझ्या टेबलावर यायचा, आणि डबा परत करताना तो रिकामा द्यायचा नाही ही शिस्तही त्यांनीच लावलेली.

फोनवर शोधायला त्या उतारवयात शिकल्या. रविवारी चर्चमधली प्रार्थना, मिसा, आटोपली की तिथल्याच पायरीवर बसून गावाचं नाव टाकायच्या आणि सरकारी साइटवरचं जे काही वर येईल ते चार बायकांना वाचून दाखवायच्या. ग्रामसभेचे ठराव, नोटिसा, याद्या. “बगा, आपल्या नळाचो ठराव इलो!” बायका त्यांना गमतीने पेपरवाली म्हणायच्या.

आता माझ्या घरचं सांगतो. माझे थोरले भाऊ मसुऱ्याकडे राहायचे. आंब्याची कलमं, चिऱ्याचं मोठं घर, सगळं व्यवस्थित. पण शौचालयांचा सर्व्हे आला तेव्हा अनुदानाच्या आशेने त्यांनी ‘नाही’ म्हणून सांगितलं. त्यामुळे ‘शौचालय नसलेली कुटुंबे’ या यादीत त्यांचं नाव गेलं, आणि यादी साइटवर चढली. त्याच दिवसांत पुतणीचं लग्न ठरत होतं. पूर्वी मुलीकडची चौकशी चहाच्या टपरीवर आणि सलूनमध्ये व्हायची. मुलाकडच्यांनी ती फोनवर केली. भावाचं नाव टाकल्याबरोबर पहिल्यांदा वर आली ती ही यादी.

भावाचा फोन आला. “अरे, तू हापिसात बसान करतंस काय? माझा नाव सगळ्या दुनयेक दिसता!”

“तुम्हीच नाय म्हणून सांगितलंत ना?”

“ता सरकाराक सांगलंय. व्याह्याक नाय!”

यादी काढून टाकता येत नव्हती. ती लोकांना दिसली पाहिजे असा नियमच होता. मग मी एक पळवाट शोधली. यादी साइटवर राहू दे, पण सर्च इंजिनला ती सापडू नये. ज्याला पाहायची असेल तो साइटवर येऊन, दहा ठिकाणी बोट लावून पाहील. मी टिपणी लिहिली. ‘नागरिकांच्या वैयक्तिक माहितीचे संरक्षण होणेकामी’ अशी तिची सुरुवात होती. वरिष्ठांची सही मिळाली. साइटचं काम ठेक्यावर बघणाऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, “एवढ्या एकाच यादीला बंदी घालू, की सगळ्या फोल्डरला?”

एकाच यादीला घातली तर कुणीतरी विचारील, हिलाच का? म्हणून मी म्हणालो, “सगळ्यालाच घाला.”

त्या ‘सगळ्या’त ठराव होते, नोटिसा होत्या, हरकती मागवणारी पत्रं होती. मला ते माहीत होतं. त्या क्षणी मला फक्त पुतणीचं लग्न दिसत होतं.

गंमत अशी की त्या टिपणीची गरजच नव्हती. मुलाचे वडील घर बघायला आले, परसात जाऊन आले, आणि हसत हसत म्हणाले, “हय तर टाइल्स लावलेला आसा! मगे यादीत कसा?” लग्न ठरलं, थाटात झालं. बंदी मात्र मी उठवायला सांगितली नाही. काम झालं होतं, मी विसरून गेलो.

त्याच सुमारास बाईंच्या वाडीतून समुद्राकडे जाणारी पायवाट बंद करून लांबून वळवायचा प्रस्ताव आला. वाटेच्या दोन्ही बाजूंची जमीन पर्यटकांच्या खोल्यांसाठी विकली गेली होती. हरकतींची नोटीस रीतसर निघाली. ऑफिसच्या फळ्यावर लागली आणि साइटवरही गेली. बाई दर रविवारी गावाचं नाव टाकत होत्या आणि वर काहीच येत नव्हतं. त्यांना वाटलं, काही नवीन नसेल. मुदत संपली. मग एका सकाळी वाटेवर कुंपण उभं राहिलं, आणि मासळीची टोपली डोक्यावर घेतलेल्या बायका कुंपणापाशी थांबल्या.

बाईंचा गोव्यातला भाचा संगणकातला जाणकार. त्याने त्यांना दाखवलं, साइटच्या तोंडाशी ‘रोबोट्स’ नावाची एक छोटी फाइल असते, तिच्यात लिहिलेलं असतं की सर्च इंजिनने कुठे यायचं नाही. बाईंनी त्या दोन ओळी छापून घेतल्या आणि माहितीच्या अधिकारात अर्ज केला. ही बंदी कोणत्या आदेशाने घातली, ती कोणी सुचवली, त्या टिपणीची प्रत द्यावी. अक्षर तेच, वळणदार, फळ्यावरचं.

असे अर्ज माझ्याकडेच यायचे. टिपणी माझ्या मागच्या लोखंडी कपाटात, शौचालयांच्या फाइलीत होती. मी उत्तर लिहिलं: ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.’ अशी उत्तरं मी पूर्वीही लिहिली होती, पण ती खरी होती.

बाईंनी अपील केलं. सुनावणीला त्या पांढरी साडी नेसून, छापील कागद पिशवीत घालून आल्या. वरिष्ठांनी मला विचारलं, “फाइल शोधली का?” मी म्हणालो, “शोधली. सापडली नाही.” आणि रुमाल काढला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग वरिष्ठांना म्हणाल्या, “साहेब, हा माझा विद्यार्थी आहे. तो नाही म्हणतो तर नसेल. मला पुढे अपील करायचं नाही.”

व्हरांड्यात त्या माझ्याजवळ आल्या. “घाम कित्याक पुसतंस रे? मी काय तुका पट्टी मारूक इलंय?” मग पिशवीतला कागद दाखवून हसल्या. “ह्या फाइलीचा नाव ऐकान माका वाटला, तुमच्या हापिसान दारार खराच रोबो ठेवल्यान.”

मीही हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

त्या नाताळातही डबा आला.

निवृत्त होताना टिपणीची झेरॉक्स काढून मी घरी आणली. ती घेऊन तीनदा बाईंकडे गेलो. पहिल्यांदा घरात पाहुणे होते. दुसऱ्यांदा त्यांनी मला शहाळं फोडून दिलं, मुलांची चौकशी केली, आणि मी शहाळं पिऊन परत आलो. तिसऱ्यांदा त्या अंथरुणावर होत्या. खिडकीतून बायका लांबच्या रस्त्याने बंदराकडे जाताना दिसत होत्या. बाई म्हणाल्या, “ता कोणी केल्यान, ता शेवटपर्यंत कळूक नाय रे. तू पण किती शोधलंस.” कागद माझ्या खिशात होता. मी त्यांची चादर नीट केली आणि निघालो. पुढच्या आठवड्यात मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो.

आता ती झेरॉक्स मी वाडीतल्या बायकांना दिली आहे. फाइल कुठल्या कपाटात आहे तेही लिहून दिलं आहे. अजून काही होईल का, ते वकील बघतील. बायका माझ्यावर रागावल्या, आणि त्यांनी रागवायलाच हवं होतं. पण जिला आधी सांगायचं होतं तिला मी सांगितलं नाही. त्या खिडकीपाशी बसून एवढंच म्हणायचं होतं:

बाईनू, ती टिपणी माझी होती. ती माझ्याच कपाटात होती. तुमी माझ्यार विश्वास ठेवलात आणि मी तुमका खोटा सांगलंय. माका माफ करा.