दोन वाव केबल

३१ जुलै. मासेमारीची बंदी उद्या उठणार आणि आमच्या बोटीचा गिअर रिव्हर्सला जात नव्हता. वर्सोव्याच्या खाडीतून त्या सकाळी सगळ्या बोटी एकदम सुटतात. वेळेवर मागे घेता आली नाही, तर बोट शेजारच्या बोटीवर चढते, आणि आत सात माणसं असतात.

बोट माझ्या नावावर, चालवतो धाकटा दीर. इंजिनाचं मी बघते. त्याचा जीव जाळ्यात.

"गिअरबॉक्स गेला, वहिनी," तो म्हणाला. "मिस्त्रीला बोलव."

मिस्त्री त्या आठवड्यात कुणालाच सापडत नव्हता. गिअरच्या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत केबल जाते. मी तिचं गिअरबॉक्सकडचं टोक सोडवलं आणि गिअरबॉक्सची दांडी हाताने ढकलली. पुढे गेली, मागेही गेली. म्हणजे दोष केबलचा.

फळ्या उचलल्या. इंजिनामागे केबलची सुरेख गोल गुंडाळी, सुतळीने बांधलेली. ही केबल गेल्या वर्षी त्यानेच आणली होती.

"किती आणलीस?"

"दोन वाव." दोर मोजतात तसे त्याने दोन्ही हात पसरून दाखवले. "जरा जास्तच घेतली. आखूड पडली तर समुद्रात काय गाठ मारू?"

"आणि उरलेली गुंडाळलीस."

"मग काय लोंबत ठेवू?"

दोर असाच ठेवतात. पण केबलच्या आत तार सरकते. जितकी वळणं, तितकी ती अडते. शिवाय गुंडाळी तापलेल्या सायलेन्सरला टेकून वरचं प्लास्टिक फुटलं होतं आणि खाऱ्या पाण्याने तार गंजली होती. तो खोबरेल घेऊन आला. मी बाटली काढून घेतली. एवढी गंजलेली केबल तेलाने सुधारत नाही.

लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत मापाला सुतळी टाकली, वळणं ऐसपैस ठेवली, सायलेन्सर टाळला. ती सुतळी आणि जुनी केबल पिशवीत घालून रिक्षाने अंधेरीला गेले. टोकाचे आटे जुन्याशी जुळवून सुतळीएवढी केबल घेतली. संध्याकाळी बसवली, लिव्हर न्यूट्रलला मधोमध आणून नट आवळले.

"एवढीशीच?" दीर म्हणाला.

"एवढीच लागते."

सकाळी खलाशी बर्फ चढवायला आले, त्यांना थांबवलं. बोट धक्क्याला बांधलेली असतानाच इंजिन चालू करून रिव्हर्स टाकला. बोट मागे सरली, पुढचा दोर ताणला गेला. न्यूट्रल, पुढे, पुन्हा रिव्हर्स, असं दहा वेळा केलं. मग दिराकडून दहा वेळा करून घेतलं. त्यानंतर बर्फ चढवायला सांगितला.